पदरचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता—ती आल्यागेल्याला माझी कादंबरी दाखवायची, माझ्या पोरानं लिहिलंय म्हणून. तिच्या देखत कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला. मधेच अडखळलो तर चालवून घ्या. सवय नाही हो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढायची, हा माझा धंदा. वीस वर्षं तेच केलंय. पार्ट हातात आला की बघायच्या आधी बोटाला कळतं, कुठं काय राहिलंय ते. लाइनवरची पोरं म्हणतात, राव, तुमच्या हातून देवसुद्धा पास होणार नाही. मी हसतो. त्यांना काय माहीत?

आणि मी एका कादंबरीचा लेखक आहे. एकाच. ती मी स्वतः छापून घेतली, चिंचवडच्या एका गृहस्थांकडून, जे एरवी लग्नपत्रिका छापतात. कव्हरवर धुकं आहे आणि धुक्यात एक बस उभी आहे. वाचलेले लोक म्हणतात, तुम्ही स्वप्नात असल्यासारखं लिहिता. खरंय ते. ती गोष्ट मला तशीच मिळाली होती—पेंगत पेंगत, बसमध्ये.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस निघते ना, ती तुम्ही कधी आतून बघितली आहे का? पन्नास माणसं बसतात आणि गेटबाहेर पडेपर्यंत पन्नासच्या पन्नास झोपतात. पडदे ओढलेले असतात, त्यातून पिवळा उजेड येतो, माना एका लयीत डुलत असतात. चाकणच्या चौकात बस अडकली की अर्धा-अर्धा तास हलत नाही. शेजारी कांद्याचे ट्रक उभे, तो उग्र-गोड वास आत येतो, आणि कुणीतरी झोपेतच नाकावर रुमाल ओढतो. आता आठवायला गेलो तर ती बस चालताना मला आठवतच नाही. नेहमी उभीच असते.

माझ्या शेजारी खिडकीपाशी बालाजी बसायचा. प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर, मूळचा नांदेडकडचा. आम्ही दोघंही काळेवाडीचे, एकाच स्टॉपवर चढायचो, एकाच सीटवर बसायचो. मी कुठल्याशा दिवाळी अंकात एकदा एक कथा छापून आणली होती, तेव्हापासून तो मला नावानं हाक मारायचाच नाही. "काय लेखक, आज काय लिहिलं?" दिवसभर पाहिलेले पार्ट सोडून मी काय लिहिणार? पण त्याला माझा अभिमान वाटायचा. मनापासून.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी, बस चौकात अडकलेली असताना, त्यानं कपाळ काचेला टेकवलं आणि बोलायला लागला. माझ्याकडे न बघता. मला वाटलं झोपेत बडबडतोय. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. असं महिना-दीड महिना चाललं. तुकड्यातुकड्यानं, मधे झोप, मधे चौक, मधे चार दिवस काहीच नाही. मी डोळे मिटून 'हं' म्हणायचो. तो समजायचा, हा अर्धवट झोपेत आहे, म्हणूनच त्याला बोलता येत होतं. पहिले काही दिवस मी खरंच झोपेत होतो. नंतर—आता लपवायचं कशाला—नंतर ते सोंग होतं. मी पाठ करत होतो. घरी जाऊन, पायातले बूट न काढता, पहिल्यांदा वहीत उतरवून काढायचो आणि मग चहा मागायचो.

गोष्ट साधी होती. आमच्या कंपनीत लागण्याच्या आधी बालाजी एका लहानशा प्रेस शॉपमध्ये होता. बायकोच्या धाकट्या भावाला, महेशला, त्यानंच गावाकडून आणून तिथं चिकटवलं होतं. एकच मशीन, एका शिफ्टला दाजी, पुढच्या शिफ्टला मेहुणा. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन खाली येतं—म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेर राहतात. साधा हिशेब, पण त्यात वेळ जातो. मग माणसं डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकतात. ते दाबलेलंच राहतं, डावा हात माल सरकवायला मोकळा होतो आणि टार्गेट निघतं. सगळे करायचे. सुपरवायझर दुसरीकडे बघायचा. नियम एकच होता: जाताना आपली पाचर आपण काढायची.

त्या दिवशी शेवटचा माल संपतासंपता बसचा हॉर्न वाजला. बस थांबत नाही कुणासाठी. बालाजी पळाला. पाचर राहिली.

महेश मशीनवर आला. त्यानं पत्रा नीट बसवायला डावा हात आत घातला आणि उजवा सवयीनं बटणावर टेकला. डाव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत लिहिलं गेलं, कामगाराची स्वतःची चूक. महेश जीव तोडून सांगत होता, पाचर मी लावली नव्हती. कोण ऐकतो? गावाकडेसुद्धा लोक म्हणाले, पोरगं घाई करायला गेलं आणि वर खोटं बोलतंय. बालाजी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होता. त्याचं तोंड उघडलं नाही. पुढे दहा वर्षं उघडलं नाही. त्यानं महेशला आपल्या घरात ठेवून घेतलं, त्याचं लग्न लावून मोशीला बिऱ्हाड थाटून दिलं, आमच्या कंपनीत हातापाया पडून त्याला स्टोअरमध्ये लावलं. बायको, संगीतावहिनी, सगळ्यांना सांगायची—माझ्या भावाला यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. "ते ऐकताना माझा जीव कसा व्हायचा, लेखक," हे त्यानं मला काचेला कपाळ लावून सांगितलं. मी म्हणालो, हं.

आणखी एक सांगितलं. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होते. त्या दिवशी बालाजी हार घालायच्या आधी झेंडूचं एक फूल डाव्या बटणावर ठेवायचा. दरवर्षी. कुणाला दिसत नसे, दिसलं तरी काय कळणार? "त्येवढंच जमायलंय मला," तो म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट हाती लागलेला माणूस काय करील? मित्र असेल तर गप्प बसेल. मी लिहायला बसलो. रविवारी, सुट्टीत, रजा टाकून. नांदेडचं जळगाव केलं. बालाजीचं नाव बदललं, महेशचं बदललं, मेहुण्याचा चुलतभाऊ केला. मनाला समजावलं की आता ही माझी झाली. फूल मात्र सोडवेना. ते काढलं की कादंबरी कोरडी वाटायची. म्हणून ते ठेवलं. जसंच्या तसं.

लिहून झाल्यावर आमच्या रावेतच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गुरुजींना वाचायला दिली. तोवर आम्ही काळेवाडी सोडून रावेतला फ्लॅट घेतला होता. ते म्हणाले, भाषा गोड आहे, पण माणूस नुसता विसरला, यात कादंबरी ती काय? त्यांच्यावर ढकलत नाहीये. ते बोलून चहा पिऊन गेले. पान मी लिहिलं.

हो, एक पान. माझ्या पदरचं. त्यात हॉर्न वाजतो, नायक पाचर काढायला हात पुढे करतो—आणि हात थांबतो. कारण शॉपमध्ये दोघांपैकी एकालाच परमनंट करणार असतात आणि चुलतभावाचा हात जास्त चपळ असतो. नायक हात मागे घेतो. बाहेर धुकं असतं. तो बसमध्ये चढतो.

फार सुंदर उतरलं होतं ते पान. मी ते स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि ऐका—परमनंटची गोष्ट मी हवेतून आणली नव्हती. खरोखरच त्या शॉपमध्ये तेव्हा दोघांत एकालाच घेणार होते, ते बालाजीनं बोलता बोलता सांगितलं होतं. एक खरी गोष्ट मी दुसऱ्या खऱ्या गोष्टीला जोडली. जोड तेवढी खोटी होती. असली जोड लाइनवर दिसली असती तर मी लाल शिक्का मारून तो पार्ट बाजूला टाकला असता.

कंपनीच्या गणपतीत प्रकाशन झालं. साहेबांनी फीत सोडली, दोन शब्द बोलले, पुस्तक त्यांनी अर्थातच उघडलं नव्हतं. मी भाषणात म्हणालो, यातलं सगळं काल्पनिक आहे. टाळ्या पडल्या. आणि बालाजी—काय सांगू तुम्हाला—बालाजी पुस्तकांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन सगळ्या लाइनवर फिरला. आमच्या लेखकाचं पुस्तक, घ्या, वाचा. त्यानं स्वतः वाचलं नव्हतं. "मला कुठं एवढं मोठं पुस्तक वाचाया जमतंय? तू लिव्हलंय म्हंजी चांगलंच असंल." स्टोअरच्या खिडकीतून महेशच्या उजव्या हातात त्यानंच एक प्रत ठेवली. मी दहा पावलांवर उभा होतो. त्याला हाक मारायला मला काय धाड भरली होती? पण तोंडात पेढा होता, कुणीतरी सही मागत होतं, आणि खरं म्हणजे मला वाटलं, स्टोअरमधला माणूस कशाला वाचतोय.

महेशनं वाचलं. माल देता देता, खिडकीत बसून, दोनदा वाचलं.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावतात. त्या दिवशी प्लांट ओळखू येत नाही. मशीन धुतलेली, बंद, जमिनीवर रांगोळ्या, एरवी जिथं कानठळ्या बसतात तिथं बांगड्यांचा आवाज ऐकू येतो. उदबत्तीच्या धुरात सगळं जरा तरंगतच असतं. बालाजीच्या मशीनपाशी आम्ही सगळे होतो. संगीतावहिनी पोरांना घेऊन, महेश आणि त्याची बायको, मी नवा शर्ट घालून. बालाजीनं हार हातात घेतला. आधी एक झेंडू काढला आणि डाव्या बटणावर ठेवला.

महेश मागून म्हणाला, "दाजी, फूल उजव्या बटणावर का नाही ठेवत?"

आवाज अगदी साधा होता. पूजेबद्दल विचारावं तसा. बालाजी वळला. महेशकडे नाही बघितलं त्यानं. माझ्याकडे बघितलं. न वाचता त्याला सगळं कळलं. माझ्या कपाळावरच छापलं असणार तेव्हा. मी काय केलं? मी प्रसाद घ्यायला पुढे झालो.

त्यानं मला शिवी दिली असती, कॉलर धरली असती तर बरं झालं असतं. नाही. घरी जाऊन त्यानं महेशपुढे सगळं कबूल केलं. पाचर माझी होती. दहा वर्षं बोललो नाही. तुला खोटारडा म्हणू दिलं. महेश म्हणे बराच वेळ रडला. आणि मग पुस्तक पुढे करून त्या पानावर बोट ठेवून विचारलं—हेसुद्धा खरं का? बालाजी म्हणाला, नाही. देवाशपथ नाही. मी विसरलो होतो. पण दहा वर्षं खोटं वागलेल्या माणसाची शपथ कोण मानणार? इथं बाकीचं सगळं अक्षरन् अक्षर खरं निघालं होतं. मग हे एकच पान खोटं कसं?

म्हणून वहिनी माझ्याकडे आल्या.

इथपर्यंत येईस्तोवर मी एवढा वळसा घातला, तुमच्या लक्षात आलंच असेल. मित्राची गोष्ट चोरली, हे सांगायला मी बसलेलो नाही. त्याबद्दल मी मनात कधीच गुडघे टेकलेत, आणि तसली चोरी सांगायला सोपी असते. सांगायचं ते यापुढचं आहे.

रविवार होता, सकाळचे अकरा. बायको आत चहा टाकत होती. वहिनी सोफ्यावर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. पिशवीतून पुस्तक काढलं. पान दुमडलेलं होतं. डोळे सुजलेले, पण आवाज एकदम शांत.

"भाऊजी, मी भांडाया आले नाही. पाचर त्यांची होती, ते मी पदरात घेतलं. माणूस विसरतो. भ्यायले असतील म्हणून बोलले नाहीत, तेही घेईन. मला एवढंच सांगा. त्यांनी मुद्दाम ठेवली होती का? तुम्हाला त्यांनी काय सांगितलं होतं? तुम्ही म्हणाल ते मी मानते."

तुम्ही म्हणाल ते मी मानते! बघा, सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. 'वहिनी, ते पान मी रचलंय. तो विसरला होता.' एवढंच. दम लागावा इतकं लांबसुद्धा नाही. पण ते पान माझं म्हटलं की बाकीची सगळी पानं त्याची, हे ओघानं आलं. मग कसली कल्पनाशक्ती आणि कसला लेखक? निगडीच्या एका वाचकमंडळात पुढच्याच आठवड्यात माझा सत्कार होता. शाल त्यांनी आणून ठेवली होती. आत बायको चहा गाळत होती, आणि तिच्या कानावर जाईल याची मला भीती वाटत होती.

मी म्हणालो, "वहिनी, कादंबरी आहे ती. सगळं काल्पनिक असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं." पुस्तक पिशवीत घातलं आणि चहा न घेता जिना उतरून गेल्या.

त्या काय समजल्या असतील? हेच, की बाकीचं खरं निघालेलं असताना मी सगळंच काल्पनिक म्हणतोय, म्हणजे मित्राला पाठीशी घालतोय. ते पान खोटं असतं तर भाऊजींनी चटकन तसं सांगितलं नसतं का? महिन्याभरात त्या पोरांना घेऊन महेशकडे मोशीला राहायला गेल्या. पोरीच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्यात बालाजीचं नाव कुणी काढत नाही म्हणतात. सत्काराला मी गेलो. शाल अजून कपाटात आहे.

बालाजीनं शिफ्ट बदलून घेतली. कायमची सेकंड. माझी बस चुकवायची म्हणून, दुसरं काय? दोन वर्षं आम्ही एकमेकांना गेटवर उलट्या दिशेनं जाताना बघायचो. तो मान हलवायचा. पहिल्यांदा तोच हलवायचा.

मागच्या महिन्यात लाइन बंद होती म्हणून त्याला आठवडाभर फर्स्टला बोलावलं. सुटल्यावर बसमध्ये चढला, सगळीकडे नजर फिरवली आणि येऊन माझ्या शेजारी बसला. जागा दुसरीकडेही होत्या. वाळला होता. डबा मांडीवर धरून बसला. पुढच्या माना डुलायला लागल्या, पडद्यातून तोच पिवळा उजेड यायला लागला, आणि मला क्षणभर वाटलं की मधलं काही घडलंच नाही.

"लेखक," तो म्हणाला, "एक विचारू का?"

"विचार की."

"मी ते पान लई वेळा वाचलं. आता डोळे मिटले की मला तसंच दिसायलंय. हात पुढं गेलेला दिसतो, मागं आलेला दिसतो. धुकं दिसतं. आधी मला कसं आठवत होतं तेच आता आठवंना. तूच सांग. मी मुद्दाम ठेवली असंल का रे?"

चिडून नाही विचारलं त्यानं. टोमणाही नव्हता. ज्याला नक्की माहीत आहे अशा माणसाला विचारावं, तसं विचारलं. त्याच्या तोंडून ती गोष्ट जशी घडली तशी ऐकलेला जगात मी एकटाच होतो. आजूबाजूला सगळे झोपलेले. ऐकायला कुणी नव्हतं. सत्कार नव्हता, बायको नव्हती. भ्यायला काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही, बालाजी."

त्यानं मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून बघितलं.

"तसंच असंल मग," म्हणाला.

तसं नव्हतं. हॉर्न वाजला, तो पळाला, पाचर काढायची राहून गेली. त्यानं मला असंच सांगितलं होतं आणि ते खरं होतं. हात मागे घेणारा माणूस मी रचला. वहिनी दारात उभ्या होत्या तेव्हा मला हे माहीत होतं, आणि मागच्या महिन्यात बसमध्येही माहीत होतं.